भोरडी नेमकी कुणाची?

जळगाव आणि धुळ्याच्या मध्ये कुठेतरी आमची नवी धावपट्टी आहे. तिथे सकाळचे विमान उतरत असताना त्याच्या समोरच्या काचेवर एक भोरडी, म्हणजे थव्याने येऊन दाणे टिपणारे मैनेएवढे पाखरू, आदळली. काचेला तडा गेला, प्रवासी सुखरूप उतरले, भोरडी मात्र जागच्या जागी वारली. मृत्यू सरकारी हद्दीत झाल्याने चौकशी समिती नेमणे ओघाने आलेच.

समितीचे अध्यक्ष हितेंद्रसाहेब. त्यांनी भोरडीचे शवविच्छेदन करवले. पोटात दादरचे दाणे निघाले. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, आणि धावपट्टीच्या कुंपणाला लागून ती पेरली होती एकट्या तोताराम आबांनी. भोरडी त्यांच्याकडे जेवायला होती, हे सिद्ध झाले.

आता आबा काही तिला जेवायला बोलावत नव्हते. थवा कणसांवर उतरला की ते राखणीसाठी बांधलेल्या माळ्यावरून गोफण फिरवत, थवा उठून धावपट्टीवर जाई. तिथे पक्षी हाकलायला कंत्राटावर घेतलेला भूषण फटाका लावी, थवा परत दादरवर येई. हा भूषण गावातलाच.

"आबा, पाखरं आठे नका हाकला ना. मन्ही नोकरी जाई!" तो कुंपणापलीकडून ओरडे.

"मंग तू मन्हा वावरमा का हाकलस रे?" आबा माळ्यावरून विचारत.

असा एकच थवा दोघे दिवसभर एकमेकांकडे पाठवत. कार्यालयीन भाषेत याला आंतरविभागीय समन्वय म्हणतात.

समिती बांधावर आली. गोफण ही विमानमार्गालगतची प्रक्षेपण यंत्रणा ठरली आणि जप्त झाली. फटाके मात्र निविदा काढून घेतलेले असल्याने ते चालू राहिले.

"साहेब, पाखरं काय मन्ही शेतस का?" आबांनी विचारले.

"पाखरे कुणाचीच नाहीत, आबा. पण बसायची जागा तुमची आहे ना?" साहेब सौम्यपणे म्हणाले. "ती तिथे शांत बसून खात राहिली, तर उडतील कशाला? आणि उडाली नाहीत, तर आदळतील कशाला?"

या तर्काला भूषणनेही मान डोलावली. आबांचे वावर 'पक्षी-स्थिरीकरण क्षेत्र' म्हणून घोषित झाले. मग एका सदस्याला शंका आली की, दादर कापली तर पाखरे उपाशीपोटी धावपट्टीवर येतील. शंका रास्त होती. विमानांचा हंगाम संपेपर्यंत कापणीला मनाई झाली.

आबांची बायको शेवंताबाई इतका वेळ बांधाच्या कडेला उभी होती. आता ती पुढे आली.

"साहेब, वरीसनी भाकर शे ती. बठ्ठी पाखरंसले दी टाकी, मंग आम्ही काय खावानं?"

"हा मुद्दा समितीच्या कक्षेत येत नाही, अक्का," साहेब म्हणाले. त्यांना खरेच वाईट वाटले असावे, कारण पुढचा घास त्यांनी जरा हळू खाल्ला. दाणे पाखरांना मानवतात की नाही हे तपासायला समितीने कोवळी कणसे भाजायला घेतली होती. हुरडा उत्तम निघाला, सोबत शेंगदाण्याची चटणीही होती, आणि तपासणी दुपारभर चालली.

निघताना साहेबांनी मानवी भावनांचा विचार करून एक सवलत दिली. पाखरे उडवायची नाहीत, पण आबांना अगदीच राहवले नाही तर नुसते हात हलवायला हरकत नाही. आवाज करायचा नाही.

परवा दादरचा शेवटचा पट्टा उरला होता. शेवंताबाई बांधावर पदर तोंडाला लावून बसली होती. थवा त्या पट्ट्यावर उतरला तसे आबा माळ्यावर उभे राहिले आणि दोन्ही हात जिवाच्या आकांताने हलवू लागले. तोंडातून शब्द नाही. नेमके तेव्हाच विमान वरून गेले.

तुम्ही त्या विमानात खिडकीपाशी होतात. तुम्ही मोबाइल काढलात, झकास चित्रफीत केलीत आणि खाली लिहिलेत, "विमान दिसलं की हात करणारी आपली साधी, सुखी माणसं!"

आणि आबांना उलट टाटाही केलात.