मालकांचं जाळं आणि प्रभाकरच्या पोटऱ्या

कोपरला आमच्या आळीत कुणाचं अंग आखडलं, की डॉक्टरच्या आधी माझं दार वाजायचं. शाळा माझी दुसरीपर्यंत, तीही बुडवत बुडवत. पण खडेमीठ तव्यावर भाजून जुन्या पायमोज्यात भरायचं नि शेकायचं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. डोकं लागतं त्याला!

सत्त्याऐंशी साल. तेव्हा आमच्या पडवीतून खाडी दिसायची. आता समोरच्या बिल्डिंगीतले वाळत घातलेले गाऊन दिसतात.

आमचा प्रभाकर कबड्डी खेळायचा. रविवारी कल्याणला सामना, आणि एका कंपनीचे साहेब खेळाडू निवडायला येणार! निवडला तर पक्की नोकरी. पोरगं असं हुरळलं, की गुरुवारी तीनशे बैठका मारून आलं आणि उंबऱ्यातच अडकलं.

"आये, पोटऱ्यांचे दगड झालेत गं!"

"तीनशे कुणी सांगितलेल्या रे? नवस केलेलास?"

मिठाने शेकलं, काही नाही. लाटणं फिरवलं, लाटणंच मोडलं! मग पडवीत नजर गेली. तिथे मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, दामाजींचं, फाटकं जाळं गुंडाळून पडलेलं. जाळं तरंगावं म्हणून त्याच्या वरच्या दोरीला बोये असतात, लिंबाएवढे प्लॅस्टिकचे गोळे, मधे भोक. गाठ सोडून पंधरा काढले, जाड दोरीत ओवले, दोन्ही टोकं धरून पोटऱ्यांवर खरखर फिरवले. पोरगं आधी बोंबललं, मग हसलं, मग चालायला लागलं!

संध्याकाळी अख्खा संघ माझ्या अंगणात पालथा. "काकी, माझी पाठ! काकी, आधी मला!" सात जणांना सात माळा केल्या. जाळ्याला बोया म्हणून उरला नाही. फाटकं जाळं, कुणाचं काय जातंय?

शनिवारी सकाळी मालक खाडीवरून आले ते चिखलाने माखलेले.

"मनू, माझ्या नव्या जाळ्याचे बोये कुठं गेले? अंधारात होडीवरच्या नाथाशी बोलत सोडलं, तर धोंड्यासारखं तळाला!"

"नवं? ते फाटकं होतं!"

"अगं, उंदीर लागू नयेत म्हणून नव्याला फाटक्यात गुंडाळलेलं! बाहेर डोकावत होते ते बोये नव्याचेच!"

मग मी माळांचं सगळं सांगून टाकलं.

"ज्यांनी बोये घेतले तेच जाळं काढतील!" मालक गरजले. ओहोटीला सातही खेळाडू कमरेइतक्या चिखलात. दिवस मावळेपर्यंत ओढलं, तेव्हा जाळं निघालं. मग मालकांनी माझ्या डोक्यावर उभं राहून एकूण एक बोया माझ्याकडून परत बांधून घेतला.

रविवारी आमचा संघ मैदानात उतरला तो खळ घातलेल्या धोतरांसारखा ताठ! प्रभाकर चढाईला गेला, गडी मारायला वाकला आणि तसाच राहिला. समोरच्यांनी त्याला पकडलं नाही, उचलून आणून दिलं! साहेबांनी दुसऱ्याच पोराचं नाव लिहून घेतलं.

घरी परतलो. प्रभाकर भिंतीकडे तोंड करून झोपलेला. मालकांचीही पाठ धरलेली, ते पालथे.

"मनू, ती माळ फिरव ना. आधी पोराला, मग मला."

"कुठली माळ? तुम्हीच बांधायला लावलीत ना सगळी!"

मग उशीतूनच मालकांचा आवाज आला, "शेजारचा शिवराम बाजारात गेलाय. त्याचं जाळं कुंपणावर वाळतंय."

शिवरामभावजी, हे वाचत असाल तर शपथेवर सांगते, पंधराच काढलेले हो!