बाराव्या महिन्याची बरणी

तिसऱ्या गूळपोळीवर तूप ओढून घेत डॉ. दिगंबर मिराशी म्हणाले, “आई, पोळी अप्रतिम झालीय. पण गूळ कुठला म्हणायचा हा?”

“खावा की पोटभर,” सुलभाताई म्हणाल्या. सुलभाताई म्हणजे मिराशींच्या सासूबाई, राहणार कोल्हापूर. महिनाभरापूर्वी लेकीकडे कोलकात्याला आल्यापासून त्यांना इथलं काहीच पसंत पडलं नव्हतं. त्यामुळे जावयाने गुळाची चौकशी केली, यातच त्या खूश झाल्या.

“नाही, खरंच सांगतो. काय वास आहे! अगदी कालपरवाच्या रसाचा वाटतो. गरियाहाटच्या बाजारातून आणलात का?”

“गरियाहाटात कशाला जायचं ओ? घरातलाच आहे. त्या वरच्या फळीवरच्या बरणीतला.”

मिराशींचा घास तोंडातच राहिला. तो गिळावा की गिळू नये, हे त्यांना ठरवता येईना. कारण तोंडात होता तो गूळ सरकारी होता.

मिराशी केंद्र सरकारच्या एका अन्नसंशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. बंगालात थंडीत खजुराच्या झाडाच्या रसाचा गूळ करतात. त्याला नोलेन गूर म्हणतात, आणि त्याच्यासाठी बंगाली माणूस काहीही करायला तयार असतो. पण फाल्गुन लागला की त्या गुळाचा वास उडतो, बुरशी धरते, आणि पुढच्या थंडीपर्यंत नुसत्या आठवणी काढत बसावं लागतं. हा गूळ फ्रीजशिवाय वर्षभर जसाच्या तसा टिकवायचा, असा मिराशींचा प्रकल्प होता. प्रस्तावात त्यांनी मोठ्या उत्साहाने लिहिलं होतं, की गूळ प्रयोगशाळेत न ठेवता सामान्य घरगुती स्वयंपाकघरात ठेवला जाईल. प्रस्ताव मंजूर झाला. मात्र सामान्य स्वयंपाकघर भाड्याने घेण्यासाठी सरकारकडे खर्चाचं शीर्षकच नव्हतं. तेव्हा टॉलीगंजच्या सरकारी क्वार्टरमधल्या, त्यांच्या पत्नी श्यामलाबाईंच्या स्वयंपाकघराची वरची फळी देशाच्या कामी आली.

बारा बरण्या होत्या. दर महिन्याला एक उघडून तपासायची. अकरा उत्तम निघाल्या. उरलेली शेवटची बरणी परवा, दिल्लीहून येणाऱ्या समितीच्या देखत, त्याच स्वयंपाकघरात उघडायची होती. समितीने मान डोलावली तर पुढच्या टप्प्याचे पैसे मिळणार होते. नाही डोलावली तर प्रकल्प बंद, आणि मिराशींची बदली राजस्थानातल्या एका बाजरी केंद्रावर, असं संस्थेत सगळेच बोलत होते. मुलगी आभा यंदा अकरावीत होती. ऐन बारावीत तिला कुठे न्यायचं, या काळजीने नवराबायको गेले दोन महिने अर्धे झाले होते.

“आई,” मिराशी शक्य तितक्या शांतपणे म्हणाले, “त्या बरणीवर चिठ्ठी होती.”

“होती की. म्हणून तर घेतली! तारीख बघितली, गेल्या जानेवारीची. म्हटलं, वा, वर्षाचा जुना गूळ! जुना गूळ बाधत नाही. नव्या गुळाची पोळी खाल्ली की घशाशी येतं. आमच्याकडे संक्रांतीला मुद्दाम जुना गूळ राखून ठेवतात. श्यामलाला मी शिकवलं ते ती विसरली नाही, याचंच मला बरं वाटलं.”

“पण तोंडाला लाख लावली होती ना?”

“होय की. किती घट्ट! विळीच्या टोकानं काढली शेवटी.”

जावयाला सासूवर ओरडता येत नाही आणि सरकारी शास्त्रज्ञाला चारचौघांत रडता येत नाही. मधला मार्ग म्हणून मिराशी तांब्याभर पाणी प्यायले. तेवढ्यात श्यामलाबाई वाण लुटायचे डबे घेऊन बाजारातून आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग फळीकडे पाहिलं, आणि मग ओट्यावर पालथ्या घातलेल्या बरणीकडे पाहिलं.

“आई!” त्या किंचाळल्या.

“अगं, ओरडतेस काय? लख्ख घासून ठेवलीय.”

बाकीच्या पोळ्या आभा महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला न्यू टाउनला घेऊन गेली होती. मिराशींनी तिला घाईघाईने फोन लावला.

“बाबा, पोळी तर सगळा संपला,” आभाने आपल्या कोलकाती मराठीत सांगितलं. “मीनामावशीने दोन बांधून पण घेतला. का? काय झाला?”

डब्यात सात-आठ पोळ्या शिल्लक होत्या. मिराशींनी त्यातली एक उघडून पाहिली. गुळात तीळ, खसखस, भाजलेलं बेसन आणि वेलची एकजीव झाली होती. त्यातून गूळ परत वेगळा काढण्याइतकं अन्नशास्त्र अजून पुढे गेलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या खोलीतल्या डॉ. हालदारांना विश्वासात घेतलं. हालदारांचा शिंगाड्याच्या सालीपासून बिस्किटं करण्याचा प्रकल्प अकरा वर्षं चालू होता आणि अजून एकही बिस्किट धड झालेलं नव्हतं. मिराशींना त्यांची नेहमी कीव यायची. हालदारांनी मात्र सगळं ऐकून घेतलं आणि अजिबात न दचकता चहा मागवला.

“अरे मिराशीदा, इतना क्यों सोचता है? ताजा गूर भर दो,” ते म्हणाले. “आपका गूर एकदम ताजा जैसा है ना?”

“हां, बिलकुल.”

“तो ताजा गूर भी आपका जैसा हुआ. बोलो, गलत बोला?”

हा युक्तिवाद चुकीचा आहे असं मिराशींना वाटलं. पण चूक नेमकी कुठे आहे ते काही सापडेना. खरं म्हणजे त्यांनी ती फारशी शोधलीही नाही. आभाचं बारावीचं वर्ष डोळ्यांसमोर होतं. दुपारी ते हालदारांबरोबर बजबज नावाच्या गावी जाऊन पोचले. तिथला एक गूळवाला हालदारांच्या मेहुण्याच्या ओळखीचा होता. त्याने मिराशींना एका टोपलीतला तुकडा चाखायला दिला आणि दुसऱ्या टोपलीतला गूळ बांधून दिला. गेली तीन वर्षं मिराशी हा गूळ सूक्ष्मदर्शकाखाली बघत आले होते, पण बाजारात जाऊन तो विकत घेण्याची वेळ त्यांच्यावर प्रथमच आली होती. टोपल्या दोन आहेत हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी बरणी भरली, लाख लावली, शिक्का मारला. जुनी चिठ्ठी घासण्यात गेली होती. नव्या चिठ्ठीवर मागच्या जानेवारीची तारीख घालून मिराशींनी तिच्यावरून चहाचं बोट फिरवलं, तशी ती वर्षभराची दिसायला लागली. हे करताना त्यांना स्वतःची लाज वाटली. श्यामलाबाईंनी बरणी फळीवर चढवून दिली, पण नवऱ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

“एवढा खटाटोप कशापायी?” सुलभाताई म्हणाल्या. “खाल्ला म्हणून सांगायचं सरळ. सरकार काय गूळ खात नाही होय?”

समितीत दोघं होते. अध्यक्षा डॉ. यामिनी सान्याल मूळच्या बंगालातल्या श्रीरामपूरच्या. हुगळीकाठी वाढलेल्या, केस पांढरे, नाक तीक्ष्ण. दुसरे अर्थविभागाचे एक गृहस्थ होते. ते कशालाही हात लावत नव्हते. इथून पुढचं बोलणं हिंदीत, इंग्रजीत आणि मध्येच बंगालीत झालं. पण तो घोळ वाचकांच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

“अकरा महिन्यांचे निकाल मी वाचलेत,” सान्यालबाई म्हणाल्या. “खरं सांगू? माझा विश्वास बसत नाही. उघडा बघू.”

मिराशींनी लाख फोडली. सान्यालबाईंनी बरणीत नाक घातलं आणि लगेच बाहेर काढलं. मग नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला. त्यांचा चेहरा वाकडा झाला.

“अरेरे,” बाई म्हणाल्या. “साखर वेगळी होऊन दाणे धरलेत. वास तर पार गेलाय. आणि हे मागे जिभेवर काय राहतंय, साबणासारखं?”

मिराशींनीही चाखून पाहिलं. साखरेचा पाक, रंग आणि कसलासा अर्क, एवढाच ऐवज त्यात होता. दुसऱ्या टोपलीचा उलगडा त्यांना आत्ता झाला.

“म्हणजे टिकला नाही,” अर्थविभागाचे गृहस्थ प्रथमच बोलले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

श्यामलाबाई दाराशी उभ्या होत्या, त्या तिथेच स्टुलावर बसल्या. राजस्थानचं तिकीट निघाल्यासारखंच होतं. तेवढ्यात सुलभाताई हातात ताटल्या घेऊन पुढे आल्या. घरी आलेला माणूस तोंड वाकडं करून परत जातोय, हे त्यांना बघवेना. एकेक गूळपोळी, वर तुपाची धार.

“खाओ, खाओ,” त्या सान्यालबाईंना म्हणाल्या. “मुंह अच्छा करो.”

बाईंनी भिडेखातर एक तुकडा मोडला. तो तोंडात गेला आणि त्या चावायच्या थांबल्या. मग त्यांनी डोळे मिटले. अर्थविभागाच्या गृहस्थांनी घाबरून आपली ताटली दूर सरकवली.

“आहा!” बाईंनी डोळे उघडले तेव्हा ते पाणावलेले होते. “हा खरा नोलेन गूर! माझ्या आजोळी पहाटे कढई उतरायची, तिचा वास आला मला. मिराशी, हे बघा, ताजा गूळ असा लागतो. तुम्हाला इथवर पोचायचंय. कुठून आणलात हो अम्मा?”

“कहीं से नहीं लाया,” सुलभाताई ठणकावून म्हणाल्या. “वो ऊपर का बरनी है ना, उसका ही है. एक साल पुराना.”

सान्यालबाईंनी एकदा बरणीकडे पाहिलं, एकदा सुलभाताईंकडे पाहिलं, आणि प्रेमाने त्यांचा हात थोपटला.

“अम्मा, बरणीतला आम्ही आत्ताच चाखला ना,” त्या म्हणाल्या. मिराशींकडे वळून हळूच विचारलं, “वय किती त्यांचं?”

मिराशींनी तोंड उघडलं. गेली तीन वर्षं ते गुळाच्या मागे लागले होते. कचेरीत त्यांच्या कामाला कुणी कधी बरं म्हटलं नव्हतं. आज एका जाणत्या बाईच्या डोळ्यांत त्याच कामाने पाणी आणलं होतं, आणि ‘हा माझा गूळ’ एवढे तीन शब्द म्हणायची सोय नव्हती. म्हटले असते तर बरणीत काय होतं तेही सांगावं लागलं असतं. मिराशींना मनापासून वाईट वाटलं.

“पंचाहत्तर,” ते म्हणाले.

“मग काय करायचं? बंद?” अर्थविभागाने विचारलं.

“बंद कसं करता?” सान्यालबाई एकदम सरसावून बसल्या. “गूळ टिकला असता तर बंदच करणार होतो. काम झालं, अहवाल घेतला, शास्त्रज्ञ दुसरीकडे मोकळा. त्याचा कागदही तयार होता. पण अकरा महिने उत्तम राहिलेला गूळ बाराव्या महिन्यात असा एकाएकी कोसळतो? मी तरी आजवर असं पाहिलेलं नाही. बाराव्या महिन्यात या स्वयंपाकघरात नेमकं काय घडतं, ते शोधलंच पाहिजे. आणखी तीन वर्षं द्या.”

श्यामलाबाईंनी स्टुलावरच डोळ्यांना पदर लावला. बाराव्या महिन्यात काय घडलं ते मिराशींना पुरतं ठाऊक होतं. ते समोर उभं राहून समितीला दुसरी पोळी वाढत होतं.

“एक अट आहे,” निघताना सान्यालबाई म्हणाल्या. “परिस्थितीत काडीचाही बदल नको. हेच स्वयंपाकघर, हीच फळी, हीच माणसं. अम्मा नेहमी इथेच असतात का?”

“नाही. यंदा डिसेंबरात आल्या.”

“म्हणजे बाराव्या महिन्यात होत्या. मग पुढची तिन्ही वर्षं डिसेंबरात त्यांना इथे आणा. प्रवासखर्च प्रकल्पात दाखवा.”

अर्थविभागाने ते लिहून घेतलं. गाडी फाटकाबाहेर गेली. मिराशींनी सुलभाताईंना सगळं मराठीत नीट समजावून सांगितलं. तीन वर्षं, दर डिसेंबरात, सरकारी खर्चाने. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि पदराला हात पुसले.

“येईन की, त्यात काय,” त्या म्हणाल्या. “फक्त जावईबापू, या खेपेला बरणी जरा मोठी घ्या. मंडळाला पोळ्या कमीच पडल्या.”