हूं म्हना, मास्तर

उस्मानभाई तांबोळ्यांचं बोलणं ऐकायचं तर दर वाक्याला 'हूं' म्हणावं लागे, गोष्ट ऐकताना पोरं हुंकार देतात तसं. एक हूं चुकला की ते हातातला अडकित्ता खाली ठेवत आणि विचारत, "मास्तर, हाय ना?" गिऱ्हाइकालासुद्धा हूं म्हटल्याशिवाय विडा मिळत नसे. गावात त्यांना सगळे वैतागलेले, पण पान त्यांच्याकडचंच लागायचं.

लढाईच्या दिवसांत माझी बदली पुणतांब्याच्या शाळेत झाली आणि माझ्यामागोमाग माझा दमाही आला. आडवं पडलं की छाती भात्यासारखी चाले, म्हणून मी भिंतीला टेकून बसूनच झोपायचो. झोप कसली, पेंगणं ते. मग वर्गात डोळे मिटायचे आणि पोरं खिदळायची. आधी नोकरी जाते की जीव, एवढंच ठरायचं राहिलं होतं. आज उताणा पडून मी असा घोरतो की बायको कावते. हे उस्मानभाईंचे उपकार.

तरुणपणी गोदेच्या घाटावर मुक्कामाला आलेल्या एका बैराग्याकडून ते आसनं शिकले होते. झोपेसाठी मी त्यांचे पाय धरले तेव्हा म्हणाले, "उद्या उजाडलं की घाटावर या. अनशापोटी."

मला मांडीही धड घालता येत नव्हती. त्यांनी आसनांची नावं दुकानातूनच आणलेली. पुढं वाकायचं ते 'विडा दुमडणं'. "पानाची शीर मोडू नका, मास्तर. कंबरेतनं दुमडा." मी दुमडलो आणि धोतर टर्रकन फाटलं. धुणं धुणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. एकदा "श्वास धरा" म्हणून ते एका नावाड्याशी गप्पा मारत बसले. 'सोडा' म्हणायचं राहूनच गेलं. माझा चेहरा टोमॅटो झाला तेव्हा म्हणाले, "सोडा की. तुमचाच श्वास हाय, माझी परवानगी कशाला?"

शेवटी शवासन. ते नाव ते तोंडातून काढत नसत, 'निजणं' म्हणत. माझ्या पाठीखाली घोंगडीची जाड वळकटी देत आणि अंग सैल सोडायला सांगून वर हुंकार मागत.

"पाय सोडलं?"

"हूं."

"डोस्कं सोडलं?"

"तुम्ही सोडू द्याल तर ना," मी चिडून म्हणायचो.

पण छाती मोकळी होत गेली. वळकटी पातळ होत होत एका सकाळी निघालीच. उस्मानभाई पानमळ्याची कसलीशी गोष्ट सांगत होते आणि ऐकता ऐकता मला झोप लागली. कैक वर्षांनी, पाठीवर पडून.

जाग आली ती गदागदा हलवल्यामुळे. उस्मानभाई माझ्यावर वाकले होते. "हूं म्हना, मास्तर. हूं म्हना हो."

"अहो, झोपलो होतो," मी म्हणालो. "आडवा झोपलो होतो, उस्मानभाई."

त्यांना ते कळायला वेळ लागला. मग ते पायरीवर बसले आणि नदीकडे बघत म्हणाले, "आमची बीबी लई आजारी हुती. मी उशाशी बसून बोलायचो, ती हूं द्यायची. एक दिवस हूं आला न्हाई. मला वाटलं, बरं झालं, डोळा लागला. मी आवाज न करता उठलो आन दुकान उघडाया गेलो."

मला फार वाईट वाटलं. ज्या झोपेसाठी मी त्यांचे पाय धरले होते, तिचीच या माणसाला धास्ती होती, आणि तरी तो मला रोज तीच शिकवत होता.

दुसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं, "आज हूं देणार नाही. झोपणार आहे. चालेल?"

ते माझ्या शेजारी पायरीवर बसले. मग त्यांनी माझ्या पोटावर तळहात ठेवला. पानांवर पाणी मारून मारून गार पडलेला हात.

"निजा," ते म्हणाले. "वर-खाली हुतंय. समजतंय मला."

मी निजलो. डोळे उघडले तेव्हा ऊन पायऱ्या उतरून पाण्याला लागलं होतं. गिऱ्हाइकं दुकानाच्या बंद फळ्या वाजवून परत गेली होती. उस्मानभाई मात्र हात न हलवता बसून होते.