हायडेलबर्गला कशासाठी?

"मी श्रीखंडाची तिसरी वाटी मागितली, तेव्हा आई गेल्याचं तुम्हाला माहीत होतं ना?"

हा प्रश्न आत्मारामने ताईला दोनदा विचारला आणि भावोजींना एकदा. ताईने डोळ्यांना पदर लावला. भावोजींनी चष्मा पुसला.

गोष्ट दसऱ्याची. जर्मनीत, हॅनोव्हरमध्ये चक्का मिळत नाही, क्वार्क नावाचं मऊ चीज मिळतं. मालिनीताईने ते आदल्या रात्रीच फडक्यात टांगलं होतं. तार आली दुपारी. आत्माराम रबराच्या कारखान्यातून दमूनभागून आला, तर श्रीनाथभावोजी एवढंच म्हणाले, "आधी जेवून घे." तो जेवला. मागून मागून जेवला. हात धुऊन झाल्यावर त्यांनी त्याला तार वाचून दाखवली.

त्या दिवसापासून आत्मारामने एक नियम गाठीशी बांधला. कोणी आग्रह करून खायला घातलं, की कोणीतरी गेलेलं असतं. (सातवीत दोनदा बसूनही त्याचा एकही नियम पाठ झाला नव्हता. हा एका दिवसात झाला.) कारखान्यातल्या मुकादमाने स्वतःच्या वाढदिवसाचा केक पुढे केला, तेव्हा सुद्धा याने आधी विचारून घेतलं, घरी सगळे बरे आहेत ना.

म्हणून जानेवारीतल्या त्या शनिवारी समोर शिऱ्याची बशी आली, तसा तो खुर्ची मागे सारून बसला. आणि शिरा साधा नव्हता. वर बदामाचे काप होते.

"आम्ही दोन दिवस हायडेलबर्गला जाऊन येतो," ताई म्हणाली. "तू पोटभर खा."

"हायडेलबर्गला कशासाठी?"

"किल्ला बघायला," ताई म्हणाली.

"माझ्या प्रोफेसरांचं काम आहे," भावोजी त्याच वेळी म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "आल्झो, म्हणजे, प्रोफेसरांचं काम किल्ल्यात आहे," भावोजींनी सांधा जुळवला.

आत्मारामने शिऱ्याला हात लावला नाही. बर्फात किल्ला बघायला कोण जातं? गावाला असताना डोक्यावर उभा असलेला किल्ला भावोजींनी चार दिवसांत मान वर करूनही पाहिला नव्हता. शिवाय कधी छत्रीसुद्धा उसनी न देणाऱ्या त्या माणसाने आज स्वतःचे लोकरीचे हातमोजे आपणहून मेव्हण्याला देऊन टाकले. आणि बॅग बंद करताना आत काय दिसलं? ताईचा लग्नातला शालू. प्रोफेसरांच्या कामाला शालू?

तो त्यांना पोचवायला स्टेशनवर गेला, तो डोळ्यांत तेल घालूनच. डब्यावरच्या पाटीवर गाडीची गावं लिहिली होती. आत्माराम एकेक अक्षर लावत गेला आणि फ्रांकफुर्टपाशी अडखळला.

"भावोजी, फ्रांकफुर्टला उतरणार का?"

"छे. तिथे काय आहे?"

तिथे विमानतळ आहे, हे कारखान्यातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. गेल्या वर्षी भावोजी स्वतः प्रोफेसरांना तिथे पोचवून आले होते आणि आठवडाभर विमानांबद्दलच बोलत होते.

आता सगळं लख्ख झालं. बाबा गेले. हे दोघं विमानाने गावी निघालेत. हायडेलबर्ग नुसतं सांगायला. आत्मारामला मागाहून कळवणार, आणि तेही कोणाकडून तरी आधी जेवू घालून.

शिट्टी झाली, गाडी हलली. ताई खिडकीतून हात हलवत होती आणि हसत होती. (बघा, कसं हसू आणावं लागतंय बिचारीला, आत्मारामला वाटलं.) त्याच्या खिशात होतं फक्त फलाटावर जायचं तिकीट, आणि डोक्यात त्याहून कमी. त्याने धावत जाऊन शेवटच्या डब्याचा दांडा पकडला.

एकेक डबा शोधत पुढे सरकायला त्याला पाऊण तास लागला. शेवटी ती दोघं सापडली. समोर एक म्हातारी विणत बसली होती, आणि भावोजी ताईला संत्र्याची फोड सोलून देत होते. तीन वर्षांच्या संसारात भावोजींनी केळंसुद्धा सोललेलं आत्मारामने ऐकलं नव्हतं. दुःखात माणूस कसा बदलतो, असं मनात म्हणून त्याने दार सरकवलं.

"बाबा गेले ना?"

ताईच्या हातातली फोड खाली पडली. "कधी?"

"ते तुम्ही सांगायचं."

"आम्ही कसं सांगणार?" भावोजी उभे राहिले. "तार किती वाजता आली?"

"तार तुमच्याकडे आली."

"आमच्याकडे नाही. तुझ्याकडे आली असणार, म्हणून तर तू असा धावत आलास."

"मला कोण तार करतंय? मला आजवर कोणी काही वेळेवर कळवलंय का?"

ताईने हंबरडा फोडला. ताई रडते म्हणजे बाबा खरंच गेले, असं समजून आत्माराम रडू लागला. आत्माराम रडतो म्हणजे तार आलीच, असं समजून भावोजींनी चष्मा काढला. म्हातारीला भाषा कळली नाही, पण प्रसंग कळला. तिने विणकाम बाजूला ठेवलं, पत्र्याचा डबा उघडला आणि केकची जाडजूड फोड आत्मारामपुढे धरली.

आत्माराम दोन पावलं मागे सरकला. "बघा. हिलासुद्धा माहीत आहे."

तेवढ्यात तिकीट तपासणारा आला. आत्मारामने आपलं तिकीट दाखवलं. त्या तिकिटावर त्याला हॅनोव्हरच्या फलाटावर उभं राहायची परवानगी होती, आणि हॅनोव्हर केव्हाच मागे राहिलं होतं. भावोजींनी दंड भरला, वर परतीचे पैसे दिले. बेब्राला उतरून परत जायचं, असं त्या गृहस्थाने दोनदा बजावलं.

तो गेल्यावर भावोजी खाली बसले. ना तार आली, ना विमान ठरलंय, बाबा ठणठणीत आहेत, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

"मग शिऱ्यात बदाम का होते?"

भावोजींनी ताईकडे पाहिलं. ताईने खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहिलं. "अहो, ते पत्र द्या त्याला," ती म्हणाली. "लपवून ठेवलं म्हणूनच हे झालं."

भावोजींनी आतल्या खिशातून पत्र काढलं. अक्षर बाबांचंच, तारीख याच महिन्याची. पहिल्या अर्ध्या पानात तीन तक्रारी होत्या, त्यातली एक आत्माराम बंडी घालत नसणार अशी. आत्मारामचा जीव भांड्यात पडला. मग तो ओठ हलवत पुढचं वाचू लागला.

"मालू, तुझ्या आईने शेवटी एवढंच विचारलं, मालूकडून काही गोड बातमी आहे का. मी हो म्हणालो. निघालेल्या माणसाशी खोटं बोललो. आता ते खरं करणं तुम्हा दोघांच्या हाती आहे."

आत्मारामने ते तीनदा वाचलं. मग त्याला हॅनोव्हरची खोली आठवली. खोली एकच. मध्ये पडदा. पडद्याच्या अलीकडे हे दोघं, पलीकडे तो, आणि पडद्याचं कापड फार पातळ. त्याचे कान तापले. मान वर करायची सोय उरली नाही, म्हणून त्याने म्हातारीच्या हातातला केक घेतला आणि खाली बघत संपवला. म्हातारी आपल्या भाषेत "या, या," म्हणजे हो, हो, म्हणाली आणि दुसरी फोड दिली.

बेब्राला ताई दारापर्यंत आली. यापुढे तुझ्यापासून काही लपवणार नाही, असं म्हणाली.

"कोणापासूनच लपवायचं नाही," आत्माराम म्हणाला. "आपल्या घरात हे आता बंद."

ताईने मान डोलावली. बिचारीला काय कल्पना.

परतीच्या गाडीला तीन तास होते. गाडी दिसेनाशी झाल्यावर आत्मारामला एकदम बाबा आठवले. आईशी खोटं बोललो म्हणून तिकडे एकटेच मनात कुढत असतील. त्यांना का अंधारात ठेवायचं? त्याने दुकानातून आगगाडीच्या इंजिनाचं चित्र असलेलं कार्ड घेतलं आणि बाकावर बसून मोठ्या अक्षरांत लिहिलं:

"ती. बाबांना शिरसाष्टांग नमस्कार. आईशी खोटं बोललो असं मनाला लावून घेऊ नका. ताई आणि भावोजी त्याच कामासाठी आज हायडेलबर्गला गेले आहेत. हॉटेल घेतलं आहे. शालू नेला आहे. सोमवारी परत येतील, मग कळवतो. मी बंडी घालतो. आपला, आत्माराम."

गावात आलेलं कार्ड पहिल्यांदा पोस्टमास्तर दत्तात्रय वाचत, मग ते पारावर मोठ्याने वाचलं जाई, आणि मग ज्याचं त्याला मिळे. (मार्चमध्ये गावाहून कुंची, दुपटी आणि डिंकाच्या लाडवांचं पार्सल आलं. सोबतच्या चिठ्ठीवर सतरा घरांची नावं होती. भावोजी पार्सलकडे बराच वेळ बघत बसले आणि त्यानंतर त्यांनी आत्मारामला आपलं एकही काम कधी सांगितलं नाही.)

पण बेब्राच्या त्या थंडगार फलाटावर आत्मारामच्या हे ध्यानीमनी नव्हतं. कार्ड लवकर पोचावं म्हणून त्याने विमान टपालाचं जास्तीचं तिकीट लावलं, ते पिवळ्या पेटीत टाकलं, आणि कुठे अडकलं तर नाही ना, हे फटीत बोटं घालून दोनदा पाहिलं.