बंद केल्यानंतरचे अकरा सेकंद

बटण बंद केलं तरी विलासरावांचा अ‍ॅम्प्लिफायर अकरा सेकंद बोलत राहायचा. उज्जैनच्या सरकारी कॉलेजात पस्तीस वर्षं भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झालेल्या विलासरावांनी तो स्वतःच्या हातांनी बांधला होता, आणि आत लोणच्याच्या बरणीएवढे दोन कपॅसिटर बसवले होते. कपॅसिटर म्हणजे विजेचा माठ. बाहेरची वीज थांबली तरी ह्यात साठलेली असतेच. हा माठ झटपट रिकामा व्हावा म्हणून जोडलेला रेझिस्टर दोन वर्षांपूर्वी जळाला, तो बदलायचा राहून गेला होता. "बोलतोय ना? बोलू दे," असं विलासराव कौतुकानं म्हणत.

रामनवमीला मात्र नको ते झालं. मित्रमंडळाच्या अध्यक्षांचं, भय्यासाहेबांचं, घराणं शिंद्यांच्या दफ्तरातल्या कारकुनांचं, पण त्यांचा स्वतःचा आवाज सरदाराचा. प्रमुख पाहुण्यांचे आभार मानून त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर बंद केला आणि शेजाऱ्याला म्हणाले, "दीड तास पकवलं यार! ह्याला परत बोलावलं तर माझं नाव बदला." पाहुणे तेव्हा दाराशी चपला शोधत होते. ते एकच चप्पल घालून निघून गेले.

"विलास!" भय्यासाहेब गरजले. "चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाआधी हे ठीक कर. बंद केल्यावर एक शब्द जरी बोलला, तर हा डबा सीधा भंगारात!"

मुलगा अभिजीत बँकेत मॅनेजर झाला ह्याचा विलासरावांना अभिमान होताच, पण अभिजीतमध्ये त्यांचा निम्माच वाटा होता. अ‍ॅम्प्लिफायर संपूर्ण त्यांचा होता.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी नवा रेझिस्टर खिशात टाकून ते कामाला बसले. आत हात घालायचा तर आधी कपॅसिटर रिकामे करायला हवेत, म्हणून त्यांनी एक लहानसा बल्ब जोडला. बल्ब झगझगला, मग पिवळा झाला, मग तांबूस, आणि शेवटची लाली तारेत रेंगाळत राहिली. हे त्यांनी हजार वेळा पाहिलं असेल, तरी आजही त्यांचा जीव हरखला.

"केतकी, इकडे ये! गजब आहे, बघ."

त्यांची सून केतकी कैरी किसता किसता उठून आली. सासूबाईंच्या उजव्या हाताला प्लास्टर, त्यामुळे चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मंडळाची आंबेडाळ दुसऱ्या कुणाच्या हातची होणार होती. विलासरावांनी कपॅसिटर पुन्हा भरले आणि पुन्हा रिकामे करून दाखवले.

"बाबा, आधी भरभर जातं आणि शेवटी जायचं नावच घेत नाही. असं का?"

"शाब्बास! माठाची तोटी सोडून बघ. भरलेला असला की धार जोरात, पाणी उतरेल तशी बारीक. हेही तसंच. ठरावीक वेळात अर्धं जातं, तेवढ्याच वेळात उरलेल्यातलं अर्धं, मग त्याच्यातलं अर्धं. गणितानं बघशील तर माठ पुरता रिकामा कधी होतच नाही! रेझिस्टर जोडला की सगळ्याची उष्णता होते, बल्ब जोडला की थोडा उजेडही दिसतो."

"अजून एकदा दाखवा ना."

पस्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं हे वाक्य उच्चारलं नव्हतं. एकदाचं चारदा झालं. पाचव्या खेपेला त्यांनी बायकोला, सुनंदाबाईंना, हाक मारली. त्या प्लास्टरचा हात सावरत आल्या.

"दिवाळीला अजून वेळ आहे म्हटलं," नवऱ्याला एवढं सुनावून त्या सुनेकडे वळल्या. "आणि काय गं, फोडणीत हिंग जरा जास्तच नाही का झाला?"

तेवढ्यात टेम्पो दारात आला. घाईघाईत झाकण बसलं, वर भैरवगढच्या छापाची चादर पडली आणि अ‍ॅम्प्लिफायर रवाना झाला. रेझिस्टर खिशात हाताला लागला तो थेट हॉलमध्ये, पहिलं गाणं सुरू झाल्यावर.

आता एकच उपाय होता. विलासराव बटणाशी ठाण मांडून बसले. बंद ते स्वतः करणार होते आणि नंतर अकरा सेकंद माइकवर हात ठेवणार होते.

"अहो, पन्ह्याचं पातेलं उचलून आणा," सुनंदाबाई म्हणाल्या. "मला एका हाताने होणारे का?"

बायकोपुढे भौतिकशास्त्राचं काय चालणार? विलासराव उठले.

सुनंदाबाईंनी माइक हातात घेतला. "डाळ ह्या वर्षी केतकीने केलीये. पहिल्या प्रयत्नाच्या मानाने ठीक आहे. धन्यवाद." त्यांनी बटण बंद केलं आणि भय्यासाहेबांच्या पत्नीकडे, मीरावहिनींकडे वळल्या.

"मीरा, खरं सांगू?" हॉलभर आवाज घुमला. "अशी चव माझ्या हाताला चाळीस वर्षांत आली नाही. मी दोनदा चोरून खाल्ली."

विलासराव पातेलं घेऊन जागच्या जागी थिजले. आवाज हळूहळू उतरू लागला. "पोर फार गुणी आहे गं... माझी वेणीसुद्धा तीच घालते रोज..." बायका ऐकायला पुढे झुकल्या. शेवटचं वाक्य डासाच्या गुणगुणण्याएवढं आलं, तरी मागच्या भिंतीपर्यंत पोचलं. "पण तिला सांगू नको हं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. केतकी हातात डाव घेऊन उभी होती, तिचे डोळे भरून आले होते. सुनंदाबाईंनी आधी सुनेकडे पाहिलं, मग अ‍ॅम्प्लिफायरकडे. "मेलं डबडं!" त्या पुटपुटल्या. हे कुणाला ऐकू गेलं नाही, कारण अकरा सेकंद संपले होते.

सगळे खूश होते, फक्त विलासरावांना समोर भंगारवाला दिसत होता. मागच्या रांगेत भय्यासाहेब अ‍ॅम्प्लिफायरकडे एकटक बघत होते.

संध्याकाळी, राम घाटावरच्या आरतीच्या सुमाराला, भय्यासाहेब घरी आले. विलासराव पेचकस घेऊन उघड्या अ‍ॅम्प्लिफायरपुढे बसले होते.

"रेझिस्टर लावला का?"

"लावतोच आहे, भय्यासाहेब. दहा मिनिटं द्या. ह्यापुढे एक शब्द बोलणार नाही तो."

"नको लावू."

भय्यासाहेबांनी दार लोटलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज खाली आणला. "पुढच्या रविवारी मीराची साठी आहे. तोंडावर असलं काही बोलायची आपल्याकडे सवय नाही रे. मी भाषण करीन, बटण बंद करीन, आणि मग शेजारच्याला सहज दोन शब्द सांगीन. समजला ना?"

"समजलो. आणि... भंगार?"

"कसलं भंगार, यार! काय जबरदस्त मशीन बनवलंयस!" त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर थाप मारली आणि निघाले. दारापर्यंत जाऊन ते परत आले.

"विलास, अकरा सेकंद नाही पुरणार. छत्तीस वर्षांचं साचलंय. आणखी एखादा कपॅसिटर बसेल का त्यात?"