सासूबाईंची दाढ आणि वेबवरचा एक्स-रे

दाताच्या डॉक्टरांनी सकाळीच दवाखान्यातला जुना डेस्कटॉप भाच्याच्या स्कूटरवर बांधून दिला. बायको स्वागतकक्ष सांभाळायची. ती म्हणाली, "असू द्या की कोपऱ्यात. काय खायला मागतोय?"

"अगं, यापुढे टेबलावरचा संगणक कुणी ठेवणारच नाही. सगळं वेबवर. कुठूनही ब्राउझर उघडायचा की पेशंट हजर," डॉक्टर म्हणाले आणि मोकळ्या टेबलावरून कौतुकाने हात फिरवला.

पहिल्या पेशंट म्हणून हजर झाल्या त्या सासूबाई. दाढ काढायची होती. जावयाकडून दाढ काढून घ्यायला त्या मुळात नाखूश होत्या, लेकीने गळ घालून आणलं होतं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, जबडा बधिर झाला आणि परवाचा एक्स-रे बघायला त्यांनी लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक गोल फिरू लागला. फिरतच राहिला.

बाहेर रस्ता खोदणाऱ्यांनी इंटरनेटची केबल तोडली होती. मोबाइलही त्याच कंपनीचा, तोही मुका.

शेजारशेजारच्या दोन दाढा, दोन्हीत जुनं सिमेंट. कीड एकीच्याच मुळाशी, पण कुठलीच्या ते डॉक्टरांना छातीठोकपणे सांगता येईना.

"आई, नेमकी कुठली दुखते?"

"आ आ," सासूबाई म्हणाल्या आणि अख्ख्या गालावर हात फिरवला.

समोरच्या सलूनमध्ये दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट होतं. डॉक्टर लॅपटॉप काखोटीला मारून निघाले. या खुर्चीत एकटं बसायचं नाही, असा निश्चय करून सासूबाईही गळ्यातल्या निळ्या कागदासकट मागोमाग रस्ता ओलांडून आल्या.

सलूनवाला भला माणूस. "एवढ्याशा पडद्यावर काय दिसणार, डॉक्टर? टीव्हीला जोडतो की," म्हणाला, आणि डॉक्टर नको म्हणेपर्यंत सासूबाईंचा जबडा भिंतभर पसरला.

कात्र्या थांबल्या. "डावीकडची काढा," अर्ध्या गालाला फेस लावलेला एक जण म्हणाला.

"छे, तिच्या मागची. ती बघा कशी तिरकी आहे," दुसऱ्याने आरशातूनच सांगितलं.

"आरशात उलटं दिसतं हो," सलूनवाल्याने त्याची मान सरळ केली.

डॉक्टरांनी कोणाचंही ऐकलं नाही. मुळाशी काळा डाग दिसला, दाढ नक्की झाली. तेवढ्यात सासूबाई स्पष्ट शब्दांत म्हणाल्या, "जावईबापू, आता दुखायला लागलंय." फिरता गोल बघण्यात आणि या वादात तास उलटला होता, इंजेक्शनचा अंमल उतरला होता.

दवाखान्यात परत जाऊन दुसरं इंजेक्शन दिलं. दाढ नीट निघाली आणि ती बरोबर तीच होती. डॉक्टरांना हायसं वाटलं.

संध्याकाळी सासूबाई बहिणीशी फोनवर बोलत होत्या. डॉक्टर दाराआड कान देऊन उभे राहिले.

"नाही गं, काही त्रास नाही झाला," सासूबाई सांगत होत्या. "जावई फार जपून काम करतो. सलूनमधल्या चार जणांना विचारल्याशिवाय दाढेला हात लावला नाही."