मांसाहारी कोल्ह्याचे केळे

कोल्हा काकडीला राजी, असे पूर्वज सांगून गेले. पण पूर्वजांकडे शासननिर्णय नव्हता. म्हणून जळगावात वन्यप्राणी आहार निश्चिती कक्ष स्थापन झाला आणि त्याने कोल्ह्याला मांसाहारी ठरवले. तपासलेल्या विष्ठेत उंदराचे केस सतरा टक्के आणि बोरांच्या आठोळ्या त्र्याऐंशी टक्के निघाल्या. (आठोळ्या उंदीर खाताना चुकून गिळल्या असाव्यात, असा शेरा आहे.)

असोद्याच्या जीवरामनानांची पंचाईत इथून सुरू झाली. गावासारखे नानाही केळीची बाग हिरवीच कापून ट्रक भरतात. केळी पिकवणे हे परगावच्या बंद खोल्यांचे काम. घरासाठी मात्र एक घड खोडावरच पिकू द्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. दरवर्षी तो घड पिवळा पडून वजनाने जमिनीला टेकला, की कोल्हा नानांच्या आधी हजर. यंदा बेबाबाई, नानांचे कुटुंब, दुखण्यातून उठल्या होत्या आणि त्यांना तेवढे एकच केळे खावेसे वाटत होते. नानांचा जीव त्यात अडकला होता.

ते कक्षात गेले. तिथले हितेंद्र साहेब मोठे सज्जन.

"नाना, कोल्हा मांसाहारी आहे. केळं खाईलच कसा?"

"मी या डोयानं पाह्यलं, भाऊ! पिकेल घड येका राती साफ करतो तो."

"पुरावा?"

केळ्याला बी नसल्याने विष्ठेत काही उरत नाही. (कोल्हा कायद्याचा जाणकार असावा.)

तरी कक्षाने प्रयोग सुचवला: घड कच्चाच कापा, बांधावर ठेवा. नानांनी जड हाताने कापला. कोल्हा आला, हुंगून निघून गेला. कोल्हा केळी खात नाही हे सिद्ध झाले आणि साहेबांचा फळांची करंडी देऊन सत्कार झाला.

नानांनी मग जळगावच्या बाजारातून पिवळीधमक केळी आणली. बेबाबाईंनी एक घास घेऊन ताटली सरकवली.

"हे नुस्तं पिवयं केलेलं हाये. पिकेल नही."

नानांना फार वाईट वाटले. ती केळी त्यांनी बांधावर टाकली. कोल्ह्याने त्यांनाही तोंड लावले नाही, आणि नानांना आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याबद्दल आदर वाटला.

कक्षाने याचीही दखल घेतली. झाडावर न पिकलेले फळ कोणताही प्राणी शिवत नाही. अपवाद एकच आढळला. तो डझनाने घेतो, घासाघीस करतो, सोलून खातो आणि गोड निघाली म्हणून शेजाऱ्यालाही तीच गाडी दाखवतो. नानांचा ट्रक परवा तुमच्याच गावात रिकामा झाला.